वरची उजवी दाढ

१५ जानेवारी, सोमवार. संक्रांत.

तात्यासाहेबांनी नवी डायरी दिली. दरवर्षी देतात. गुलमंडीवर त्यांचं कापडाचं दुकान आहे आणि दारावर सिक्युरिटी म्हणून मी. आधीच्या चार डायऱ्या कोऱ्याच राहिल्या, कारण लिहिण्यासारखं काही घडलं नाही. यंदा रोज लिहायचं. तंबाखू बंद. चिडणं बंद.

दुपारी तात्यासाहेबांनी तिळाचा लाडू दिला. चावला. कट् असा आवाज आला. लाडवाचाच असणार, पाक जास्त झाला होता.

संध्याकाळी. लाडवाचा नव्हता. वर उजवीकडं, शेवटून दुसरी दाढ. टवका उडालाय. काही नाही. मी सूर्यभान, वय चोपन्न, अजिंठ्याच्या डोंगराखाली वीस वर्षं मेंढरं राखलेला माणूस. भरदिवसा कळपात शिरलेल्या लांडग्याला काठीनं हाणून काढलंय. दाढेला काय भ्यायचं!

१६ जानेवारी

ठणका आहे. थोडा. लवंग धरली. बायको, पुतळा, म्हणाली, अवो, दवाखान्यात चला, अंगावर काढू नका. बायकांना दवाखान्याची फार घाई. स्वतःचं काही दुखत नाही ना, म्हणून सुचतं.

तंबाखू एकदाच. औषध म्हणून.

१८ जानेवारी, गुरुवार

ठणका कानापर्यंत गेला. शेजारच्या भांड्यांच्या दुकानातला फकिरा अनुभवी माणूस आहे. तो म्हणाला, खालची असती तर हरकत नव्हती, पण वरची काढली की नजर जाते, नस थेट डोळ्यात असते. त्याच्या मेव्हण्यानं वरची काढली आणि त्याला चष्मा लागला. मेव्हण्याचं वय विचारलं. अडुसष्ट. असू दे. चष्मा लागला तो लागलाच.

सिक्युरिटीच्या माणसाचं सगळं डोळ्यांवर चालतं. तेव्हा दाढ काढायची नाही, हे पक्कं. यात भीतीचा प्रश्न नाही, नोकरीचा आहे.

२० जानेवारी

गाल सुजला. तात्यासाहेब म्हणाले, सूर्यभान, गिऱ्हाइकं बिचकायला लागली, दाखवून घ्या कुठंतरी. संध्याकाळी घराजवळ, पडेगावातच एका खाजगी डेंटिस्टकडं गेलो. काचेचं दार, आत गार हवा. त्यानं बघितलं आणि एक आकडा सांगितला. आकडा ऐकून ठणका एकदम बसला. बाहेर येऊन चहा घेतला तेव्हा परत उठला.

पुतळा म्हणाली, सरकारी दातांच्या दवाखान्यात पिवळ्या कार्डावर समदं फुकट हाय, मंगळवारी गर्दी कमी असती, केस पेपर सकाळी दहाच्या आत काढाया लागतो. शेजारच्या सारजाबाईकडून तिनं हे सगळं विचारून ठेवलंय. कधी विचारलं आणि कशाला, कोण जाणे. बायकांना उद्योग नसतो.

फुकट म्हणजे शिकाऊ पोरं. विचार करावा लागेल.

२३ जानेवारी, मंगळवार. सकाळी ६.३०

विचार झाला. जाणार. पुतळाला सोबत घेतोय, नाहीतर घरी बसून उगाच काळजी करील.

दुपारी ३

गेलो. मोठा हॉल, खुर्च्यांची लाइन. प्रत्येक खुर्चीत एक माणूस आ वासून आडवा आणि त्याच्यावर एक पांढरा कोट वाकलेला. कुठंतरी मशीन चालू होतं. बारीक आवाज, चिलटासारखा, पण चिलट निदान दिसतं तरी. माझे तळहात ओले झाले. उकडत असणार. जानेवारीतही कधीकधी उकडतं.

तेवढ्यात आठवलं की रेशनकार्डाची झेरॉक्स काढायची राहिली. पुतळाला म्हणालो, तू बस, मी जाऊन काढून आणतो, वेळ लागला तर घरी ये. तिनं बटव्यातून तीन झेरॉक्स काढल्या. इतकी पुढची तयारी बरी नव्हे.

डॉक्टरीणबाई तेवीस-चोवीस वर्षांची पोरगी. शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या तोंडात बॅटरी मारली आणि दोन मैत्रिणींना हाक मारली. तिघींनी वाकून बघितलं. एक म्हणाली, भारी केस मिळाली गं तुला. एवढ्या खुर्च्यांत एवढी तोंडं उघडी होती, पण भारी फक्त माझ्याला म्हणाल्या. पुतळानंही ऐकलं.

दाढ मुळापासून गेलीय, काढावी लागेल, सूज आहे म्हणून आधी पाच दिवस गोळ्या घ्या, असं ती म्हणाली. नजरेचं विचारलं. हसली नाही. म्हणाली, काका, दाढेचा नजरेशी काही संबंध नाही. शिकाऊच आहे शेवटी.

नंतर पुतळाला म्हणाली, मावशी, तुमचेही दात बघून घेऊ का, आलाच आहात तर. पुतळानं पदर तोंडावर ओढला आणि म्हणाली, माझं काय नाय, यांचं बघा. दवाखान्याची घाई दुसऱ्यासाठी. स्वतःवर आलं की अशी घाबरते.

डॉक्टरीणबाईचा नंबर फोनमध्ये ‘दात मॅडम’ नावानं टाकला.

२५ जानेवारी

गोळ्या चालू. सूज उतरतेय. गोळ्यांनीच बरं होणार बहुतेक.

पुतळाच्या मिश्रीचं काहीतरी करायला हवं. पूर्वी डबी महिनाभर जायची, आता आठ दिवसांत संपते. दिवसातून चार-पाच वेळा, आणि घासून थुंकणं नाही, गालात धरून बसते. मी इथं तंबाखू सोडायला जिवाचा आटापिटा करतोय आणि घरात हे. बोललो तिला. व्हय म्हणाली. तिला स्वतःवर ताबाच नाही.

शिवाय भाकरी दुधात चुरून नुसती गिळते. तेही माझं जेवण झाल्यावर, गॅसकडं तोंड करून. इतक्या वर्षांनंतर कसली लाज? पन्नाशीतच म्हातारी झाली.

३० जानेवारी, मंगळवार

आज काढायची होती. पूर्ण तयारीनं गेलो. काढण्याआधी बीपी बघतात. एकशे ऐंशी निघालं. डॉक्टरीणबाईनं दोनदा बघितलं, तरी तेवढंच. म्हणाली, आज नको, बीपीच्या गोळ्या लिहून देते, आधी खाली येऊ दे.

मी फार विनंती केली की आजच काढून टाका. म्हणजे, एकदा म्हणालो. मनात.

बाहेर आल्यावर दोन भजी खाल्ली. डाव्या बाजूनं. मन हलकं होतं. बीपी नावाची गोष्ट इतकी उपयोगी असते, हे कोणी सांगितलं नव्हतं. दवाखान्यातल्या मावशींना लांडग्याचं सांगितलं. त्यांना दोन लांडगे सांगितले, कारण एक सांगून त्या काम थांबवत नव्हत्या.

१ फेब्रुवारी, गुरुवार

धाकटा भाऊ मल्हारी गावाकडून छावणीच्या बाजारात मेंढरं विकायला आला होता. तो अजून कळप राखतो. दात बघायला मला बोलावतो, माझ्यासारखी नजर त्याची नाही. मेंढराचा खालचा ओठ ओढायचा आणि मोजायचं. दोन दाती, चार दाती, सहा दाती, आठ दाती. मी एका मिनिटात वय सांगतो.

एक म्हातारी मेंढी होती. दात पडलेले, चारा तोडता येत नव्हता, बरगड्या वर आल्या होत्या. मल्हारीनं ती कसायाला दिली. बरोबरच आहे. दात गेले की कळपात ठेवायचं नसतं. आमचे वडील असंच करायचे, आम्हीही असंच करत आलो.

पण दोर कसायाच्या हातात गेल्यावर ती मेंढी माझ्याकडं बघत राहिली. दुपारभर मला ते सुचू देईना. आज एक दाढ, उद्या दुसरी. मग तात्यासाहेब एक दिवस म्हणतील, सूर्यभान, आता गावाकडं जा. बोळक्या तोंडाचा सिक्युरिटी कोण ठेवणार? चोर तरी भिईल का त्याला?

घरी पुतळाला मेंढीचं सांगितलं. म्हणालो, दात गेलेलं जनावर ठेवणं म्हणजे चारा वाया. ती उठून भांडी घासायला बसली. ती मघाशीच घासून झाली होती.

३ फेब्रुवारी

दात मॅडमचा फोन. तेरा तारखेला तिची प्रॅक्टिकल परीक्षा आहे. बाहेरगावचे परीक्षक येणार, त्यांच्यासमोर एका पेशंटची दाढ काढून दाखवायची. म्हणाली, काका, तुमची तोवर थांबलेलीच आहे, तर परीक्षेला तुम्ही याल का? पेशंट आपला आपण आणावा लागतो. ऐनवेळी पेशंट आला नाही तर मी नापास, सहा महिने वाया जातील. घरून पुन्हा फी मागता येणार नाही.

एवढ्या शहरात तिला मीच आठवलो. मी शब्द दिला. म्हणालो, बाई, मेंढपाळाचा शब्द आहे, तीन लांडग्यांसमोर हललो नाही. ती म्हणाली, थँक्यू काका, आणि बीपीची गोळी चुकवू नका.

तर आता दाढ माझी राहिली नाही. ती एका पोरीच्या भविष्याची झाली. अशा वेळी भीती कुठून येणार?

७ फेब्रुवारी

आली.

दुकानात उभा असताना ताग्यातून कापड टर्रकन फाडलं की वाटतं, तोंडातून काहीतरी उपटलं. आज अकरा वेळा दचकलो. फकिरा म्हणाला, इंजेक्शन हिरडीत देतात, एवढं लांब असतं. हात कोपरापर्यंत दाखवला. मला फकिराचा काही उपयोग होत नाहीये.

पुतळा गप्प गप्प असते. माझीच काळजी करत असणार.

९ फेब्रुवारी

पडेगावच्या सरकारी दवाखान्यात बीपी बघितलं. एकशे तीस. मशीन खराब असणार. दुसऱ्यांदा बघायला सांगितलं. एकशे अठ्ठावीस. हा मार्ग बंद.

संकल्प: तेरा तारखेपर्यंत दाढेचा विचारच करायचा नाही. संध्याकाळी ६ वाजल्यापासून सुरू.

संध्याकाळी ६.१०

जमत नाही.

१२ फेब्रुवारी, सोमवार

दात मॅडमचा फोन. काका, उद्या साडेआठला गेटवर थांबते, जेवून या, उपाशी येऊ नका. आवाज कापत होता तिचा. मी धीर दिला. म्हणालो, घाबरायचं नाही, मी आहे ना.

पुतळानं माझा पांढरा शर्ट धुऊन इस्त्री केला. दाढ काढल्यावर खायला मऊ खिचडी डब्यात देते म्हणाली. उद्या या वेळेला सगळं झालेलं असेल. मी शांत आहे. पेन हलतंय ते टेबल डुगडुगतं म्हणून.

१३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ६

शांत.

८.५०, दवाखान्याच्या बाकावर

डॉक्टरीणबाई गेटवरच उभी होती. रात्रभर झोपली नसावी. मला बघून तिच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणाली, काका, तुम्ही आलात. मी म्हणालो, शब्द म्हणजे शब्द. पुतळा शेजारी बसलीय. कार्डं तिच्या बटव्यात, डब्याची पिशवी माझ्या खांद्याला. आत मशीनचा आवाज सुरू झालाय.

१०.३०, गुलमंडी

घडलं ते असं.

नाव पुकारलं. आत गेलो. खुर्चीजवळ निळ्या कापडावर सामान मांडलं होतं. त्यात पक्कड होती. बैलांना नाल मारणाऱ्याकडं असते तशीच, फक्त ही चमकत होती. मी म्हणालो, लघवीला जाऊन येतो. मुतारी गेटच्या बाजूला होती. गेटच्या पुढं शेअर रिक्षा उभी होती, तिच्यात एका माणसाची जागा होती. मी आधीपासून काही ठरवलं नव्हतं.

तात्यासाहेबांनी विचारलं, झालं का? म्हणालो, पुढं ढकलली.

दात मॅडम, सात मिस्ड कॉल.

११.१५

शांतपणे विचार केला. (१) तिथं खुर्च्या भरून माणसं होती, तिला कोणीही पेशंट मिळेल. (२) पोरगी हुशार आहे. (३) बीपी आत्ता नक्की दोनशे असणार, म्हणजे त्यांनी काढलीच नसती. (४) पहिल्या दिवशी भारी केस म्हणाल्या, तेव्हा मला वाटलं कौतुक आहे, आणि अर्थ होता, परीक्षेला चालेल अशी दाढ. म्हणजे फसवणूक झालीच ना माझी.

चौदा मिस्ड कॉल.

१२.३०

फोन येणं थांबलं. हे जास्त वाईट आहे.

१.१०

डबा उघडला. खिचडी. पार गिळगिळीत शिजवलेली, मिरचीही घातली नाही, झोंबू नये म्हणून. पहिला घास घेतला आणि आठवलं.

पुतळाला मी बाकावर विसरून आलो.

तिच्याकडं फोन नाही. एकटी ती कधी पडेगावच्या बाहेर गेली नाही. सारजाबाईच्या घरी फोन लावला. पुतळा घरी आलेली नाही. दाढ, इंजेक्शन, पक्कड हे सगळं एकीकडं आणि हे एकीकडं. अशी भीती मला आजवर वाटली नव्हती. निघतो.

संध्याकाळी ६, घरी

गेटातून पळतच आत गेलो. पुतळा त्याच बाकावर होती. गालात कापूस, तोंड मिटलेलं. डॉक्टरीणबाई तिचा हात हातात धरून बसली होती. पुतळाला तासभर बोलायचं नव्हतं, म्हणून तिनंच सांगितलं.

माझं नाव तीनदा पुकारलं. परीक्षक म्हणाले, पेशंट नसेल तर बाजूला व्हा. पोरगी तिथंच रडायला लागली. तेव्हा दारातून पुतळा आत गेली आणि म्हणाली, बाई, रडू नका, माझी काढा, माझी बी लई दिसाची दुखती. नवा केस पेपर काढला. झेरॉक्स होतीच. एक्सरे काढला. बीपी एकशे वीस. परीक्षकांनी विचारलं, कधीपासून दुखते? ती म्हणाली, आठ वर्सं झाली. इतके दिवस का आला नाहीत? ती म्हणाली, मालकाचं झालं की मग माझं दावणार होते.

डावीकडची खालची काढली. आवाज केला नाही. अजून तीन काढाव्या लागतील. पोरगी पास होईल असं परीक्षक म्हणाले.

मी उभाच होतो. वाटलं, आता डॉक्टरीणबाई मला बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, काका, तुम्ही सोमवारी या, मी असेन.

१४ फेब्रुवारी

रजा घेतली. पुतळाचा गाल सुजलाय, पण बोलता येतं. विचारलं, आठ वर्षं का सांगितलं नाहीस? ती हसली. म्हणाली, तुमीच म्हणता नव्हं, दात गेलेलं मेंढरू ठेवायचं नसतं. म्हटलं आपलं गप बसावं. गंमत केली तिनं. मला हसता आलं नाही. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

डायरी मागं चाळली. मिश्री, चुरलेली भाकरी, सारजाबाईला विचारून ठेवलेला मंगळवार. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. मिश्रीनं गाल बधिर होतो, हे मला आज कळलं.

तिला म्हणालो, बघू, तोंड उघड. लाजली, पदर घेतला. मग खिडकीकडं वळून उघडलं. आजवर हजारो मेंढरांचे ओठ ओढून दात मोजले. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पुतळाचं तोंड आज बघितलं. धड चावायला एकच बाजू आहे, तीही अर्धी.

लांडग्याचंही लिहून ठेवतो. एकच होता. मी बाभळीवर होतो. काठी पुतळाच्या हातात होती.

सोमवारी जायचंय. पुतळा म्हणाली, म्या हाय संगं, भिऊ नका. मी भीत नाही, असं लिहायला घेतलं होतं. खोडलं. फार भीती वाटते.

दुपारी भाकरी मी चुरली. दूध जरा जास्तच झालं. तिनं ती माझ्याकडं तोंड करून खाल्ली.